उंबरठ्यावरचं जास्तीचं बोट

ही गोष्ट घडलेली आहे. धुळ्यात, देवपुरात ज्या घरी ती घडली, ते घर आजही उभं आहे. हिरव्या रंगाचं दार, बाहेर शेवग्याचं झाड. घरच्यांना विचाराल तर ते विषय बदलतील.

आणि रात्रीची वाट बघू नका. जे झालं ते भर दुपारी झालं.

गेल्या वर्षीची आखाजी. अक्षय्य तृतीया. ऊन असं पेटलेलं, की गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

कुंदनचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. धंदा बेताचा, शौक मोठा. जुन्या वस्तू जमवायच्या. बैठकीत काचेचं कपाट. त्यात तलवारीची मूठ, शिपायांचे बिल्ले, पोचे आलेला लोखंडी टोप. मधला कप्पा तेवढा रिकामा होता. तिथं त्याला पिस्तूल हवं होतं. फौजेतलं, जुनं.

ते मिळालं अमळनेरला, नूर महंमद चाचांकडे. चाचा कुलपं दुरुस्त करायचे. पिस्तूल त्यांच्या आजोबांपासून घरात पडून होतं. लांब नळी, अक्रोडाची मूठ. नळीत शिसं ओतून ती कायमची बंद केलेली. घोडा गंजून जाम. कागदपत्रं रीतसर झाली आणि कुंदन ते घ्यायला गेला.

"कोणाचं होतं हे, चाचा?"

"फौजी होता कोणी. नाव आमच्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं."

जुबेदाचाची आतल्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, एक ध्यानात ठेवा. आमच्याकडं ईदचं जेवण वाढायच्या आधी हे पेटीत बंद आहे ना, ते बघतात. सणाला बाहेर नका काढू."

"का? पंगतीला बसतं का?" कुंदन हसला.

चाची हसल्या नाहीत.

त्या आखाजीच्या आधीच्या हिवाळ्यात कुंदनचे वडील गेले होते. झुलाल आबा. जन्मभर एसटी चालवली. दवाखान्यात नेलं तेव्हा शुद्ध हरपलेली, ती परत आलीच नाही. कमलबाईशी, म्हणजे कुंदनच्या मायशी, एक शब्द बोलणं झालं नाही.

मायनं तेव्हापासून आखाजीकडे डोळे लावले होते.

खानदेशात आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. एकेकाचं नाव घेत उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढतात. निखाऱ्यावर घास टाकतात. ज्याचं नाव घेतलं, ते माणूस त्या दुपारी घरी जेवून जातं. आणि आबांची ही पहिलीच घागर.

"आखाजीले येतीनच त्या," माय येईल जाईल त्याला आबांविषयी सांगायची. "त्यास्नं बोलनं राही जायेल शे."

त्या सकाळी पुरण वाटताना ती किती दिवसांनी गुणगुणत होती...

आखाजीना सन, घागरनं पानी गार
येतीन मना धनी, ठेवसू उघडं दार

कुंदनची बायको कोकिळा मांडे करत होती. घरभर आमरसाचा वास.

कुंदननं कपाट उघडलं.

जुन्या वस्तूंच्या ग्रुपवर सगळे पिस्तुलाचा व्हिडिओ मागत होते. दसऱ्याला शस्त्रं पुजतात, मग आज का नको? त्यानं पिस्तूल पुसलं, त्याला कुंकू लावलं आणि आबांच्या घागरीला टेकवून ठेवलं. मोबाईल उभा केला. उंबरठ्याशी बसला. आजोबांचं नाव घेतलं, बोट ओढलं. आजीचं घेतलं, ओढलं. मग आबांचं नाव घेतलं. तेही ओढलं.

बोटाला कुंकू उरलं होतं.

"आणि ज्याचं हे पिस्तूल आहे," तो मोबाईलकडे बघत म्हणाला, "त्यानंही यावं आमच्याकडे जेवायला."

अजून एक बोट.

"अहो, नाव नाही, गाव नाही," कोकिळा म्हणाली. "कोणाला बोलावताय घरात?"

"बिचाऱ्याची घागर कोण भरत असेल गं?"

बोलला तो मायेनंच. व्हिडिओसाठी असलं, तरी मायेनं.

दुपार झाली. पाट मांडला. आबांचं ताट वाढलं. निखाऱ्यावर तूप पडलं, धूर निघाला. दार सताड उघडं. तिघं भिंतीला टेकून गप्प बसली.

बाहेर वाळलेली पानं वाजली.

आणि मग... खाकरण्याचा आवाज.

आबा घरात पाऊल टाकण्याआधी तसेच खाकरायचे. सुनेला कळावं म्हणून. कोकिळानं नकळत डोक्यावर पदर घेतला.

आबा आले, म्हणून मायचा चेहरा उजळला. "उनात..."

दारात कोणी नव्हतं. नुसतं ऊन.

तेवढ्यात दुसरा आवाज आला. बाहेरून नव्हे. आतल्या खोलीतून.

टक्...

टक्...

नाल ठोकलेले जड बूट फरशीवर पडावेत तसा. त्या घरात चपलासुद्धा बाहेर निघतात. पावलं स्वयंपाकघर ओलांडून आली. कुंदनच्या अगदी जवळून गेली. ओल्या चामड्याचा वास आला.

पाट करकरला. वजन पडावं तसा.

निखारे एकदम विझले. कोणी पाणी टाकलं नव्हतं.

बाहेर आबा पुन्हा खाकरले. आता जवळून, शेवग्याखालून.

"मझार या ना," माय त्यांना आत बोलावू लागली. "ताट वाढेल शे तुम्हनं."

खट्.

कुंदननं वळून बघितलं. पिस्तुलाचा घोडा... तेल पाजूनही तसूभर न हललेला तो घोडा... मागं ओढला गेला होता.

आणि नळी दाराकडे होती.

तो पिस्तुलावर झेपावला. हात जमिनीला टेकला आणि तिथंच चेपला गेला. वर काहीच दिसत नव्हतं. पण बोटांवर टाच होती. ती सावकाश फिरत होती, विडी विझवावी तशी.

"ते बोट पुस," तो कसाबसा म्हणाला. "शेवटचं..."

कोकिळा धावली. पदरानं उंबरठा घासला. हात उचलला आणि तशीच मागं सरकली.

आजोबांचं बोट पुसलं होतं. आजीचं पुसलं होतं. आबांचंही.

ते शेवटचं तेवढं होतं. ओलं, लालभडक, आत्ताच ओढल्यासारखं.

आबा उंबरठ्याच्या पलीकडे खाकरले. माय उठली, दोन्ही हात पुढं करून दाराकडे निघाली. "या... या ना..."

खट्.

ना धूर, ना दणका. फक्त तेवढाच आवाज.

बाहेर काहीतरी खाली बसलं. थकलेलं माणूस ओट्यावर बसतं तसं, हळू.

मग पानंही वाजली नाहीत.

कुंदनचा हात सुटला. घागर जागच्या जागी होती. तडा नाही, खाली ओल नाही. आत थेंबभर पाणी नव्हतं. आबांचं ताट चाटून पुसून लख्ख होतं.

माय दारातच उभी होती. ती रडली नाही. पाठमोरीच म्हणाली,

"आबा बाहेर उभा व्हतात. मझार दुसराच बसेल शे." मग कुंदनकडे वळून, "तूच बलावं व्हतं त्याले, भाऊ."

दुसऱ्या दिवशी कुंदन पिस्तूल घेऊन अमळनेरला गेला. बोटं काळीनिळी पडलेली. चाचांनी पिस्तूल हातात घेतलं, तोललं आणि परत कापडावर ठेवलं.

"हलकं झालंय," ते म्हणाले.

चाचींनी सगळं ऐकून घेतलं. "आमच्याकडं तो पेटीत होता, भाऊ. तुम्ही त्याला पाट दिला. आता हे लोखंड इथं ठेवा, नाहीतर तापीत टाका."

त्यानं ते तापीत टाकलं. घरात फरक पडला नाही. दुपारचं जेवण उरत नाही. आबांचा फोटो भिंतीवरून आपोआप उतरतो, पालथा पडलेला सापडतो. आणि मायला वर्षभरात आबा एकदाही स्वप्नात दिसले नाहीत. त्याआधी रोज दिसायचे.

या वर्षी आखाजीला त्यांनी घराला कुलूप लावलं आणि फैजपूरला कुंदनच्या बहिणीकडे गेले. घागर तिथंच भरली. मायनं स्वतः बोट ओढलं, एकच. आणि दाराकडे तोंड करून बसून राहिली.

ऊन कलायला लागलं. कोणी खाकरलं नाही.

तेव्हा कुंदनचा फोन वाजला. शेजारचे अभिमन नाना, धुळ्याहून.

"काय रे, सणाचं घरात बसून बाहेरून कुलूप लावता? पाहुण्यांना एवढं भिता?"

"आम्ही फैजपूरला आहोत, नाना."

नाना आवाज खाली आणून म्हणाले, "मग... तुमच्या घरात ताट कोण वाजवतंय? केव्हाचं वाजतंय. भूक लागल्यावाणी."

मायनं ऐकलं होतं. तिनं कुंदनचा हात धरला.

"इचार त्यास्ले, बाहेर कोनी खोकलं का?"

कुंदननं फोन कानाला घट्ट लावून विचारलं.

"बाहेर?" नाना म्हणाले. "नाही बुवा. बाहेर कोणीच नाही."

माय त्याच्याकडे बघत होती. गेल्या आखाजीच्या सकाळी बघत होती, अगदी तशी.

"हो," कुंदन म्हणाला. "कोणीतरी खाकरलं म्हणतात."

मायनं डोळे पुसले. कोणी अडवायच्या आत तिनं पिशवीत लुगडं कोंबलं, पायात चपला घातल्या आणि गाडीपाशी जाऊन उभी राहिली.

"चाल भाऊ, घर चाल. त्या उन्हात उभा व्हतीन."

कुंदन गाडीची किल्ली शोधू लागला. किल्ली त्याच्या खिशातच होती. दोनदा हाताला लागली.

तरी तो शोधतच राहिला.