सतरा नंबरची कार्डं

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला ‘मिरची’ म्हणायचे, आणि मला ते ठाऊक होतं. पण कामात माझा हात धरणारं त्या मजल्यावर कुणी नव्हतं. दहा हजार आकड्यांत एक चूक, तीही शिंक आली तर.

१९७४ साली मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका पंचिंग ब्युरोत होते. खाली औषधांचं गोदाम, त्यामुळे दिवसभर नाकात व्हिटॅमिनच्या गोळ्यांचा वास. वर आम्ही सहा बायका आणि सुपरवायझर दत्ताराम परब. पंखा लावला की कागद उडायचे, म्हणून एप्रिलातही पंखा बंद. दमट हवेनं कार्डं फुगायची ती वेगळीच.

काम काय, तर शीटवरचे आकडे बघून कार्डावर भोकं पाडायची. ती भोकं शहरातल्या एका संस्थेतला कॉम्प्युटर वाचायचा. प्रत्येक कार्ड दोनदा हातांखालून जायचं. आधी आमच्यातलीच जयंती पंच करायची. मग मी तेच कार्ड व्हेरिफायर मशीनमध्ये घालून, तीच शीट समोर ठेवून, तेच आकडे पुन्हा मारायचे. जुळले तर कार्ड पुढे सरकतं. नाही जुळले तर मशीन अडतं, लाल दिवा लागतो आणि बटणं दाबली जात नाहीत. मग शीट बघायची आणि चूक कुणाची ते ठरवायचं. शीट कधीच चुकत नाही. दत्ताराम नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगायचा, “शीटार असा ताच मारूचा. डोक्या घराक ठेवन येवचा.”

खरंच डोकं लागत नाही. डोळे शीटवर, बोटं बटणांवर, आणि मन मोकळं. मी तर मनात ‘नमो मरिया’ची प्रार्थना म्हणत बसायची. एका कार्डाला एक नमो मरिया, अगदी बरोबर बसायची.

त्या वर्षी आमच्याकडे डॉक्टर श्यामकांत चित्र्यांचं काम आलं. मेंदूचे डॉक्टर. पेशंटच्या डोक्याला सोळा जागी तारा लावायच्या, मेंदूच्या लाटा कागदाच्या पट्टीवर उमटवायच्या, आणि प्रत्येक लाटेची उंची मोजून शीटवर लिहायची. एका कार्डावर एका क्षणाचे सोळा आकडे. कॉम्प्युटर ते सगळे एकत्र करून डोक्याचा नकाशा छापायचा. वर नाक, बाजूंना कान, आणि जिथे लाट जोरात उठते तिथे अक्षरावर अक्षर मारून काळा डाग. लोक बघायला यायचे त्याला. मला मात्र त्या नकाशाची गरज होती, कारण त्यांचा सतरा नंबरचा पेशंट म्हणजे माझी बहीण ज्युलिया.

ज्युलिया माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. आम्ही वाकोल्याच्या गावठाणात राहायचो, आई, मी आणि ती. घरी बसून ब्लाउज शिवायची आणि भांडायची. माझ्याशी, आईशी, मासळीवालीशी, रेडिओशीसुद्धा. पंधराव्या वर्षापासून तिला फिट यायची. शेजारचे चप्पल हुंगवायला धावायचे आणि मी त्यांच्यावर ओरडायची. जमलेलं लग्न त्यापायी मोडलं. त्या मार्चमध्ये ती गरम इस्त्रीवर पडली आणि तळहात भाजून निघाला. तेव्हा मी हातापाया पडून तिला चित्र्यांकडे नेलं.

“ऑपरेशनने बरी होऊ शकेल,” डॉक्टर म्हणाले. “फिट जिथून उठते तो भाग लहान आहे, काढता येईल. पण दोन्ही कानशिलांकडे लाटा एकदमच उसळतात. आधी कुठून उठते ते डोळ्यांना नीट दिसत नाही. चुकीच्या बाजूला हात घातला तर चांगला मेंदू जाईल. तो परत येत नाही.”

“मग?”

“म्हणून तर आकडे मोजायचे. फिट येते तेव्हा आधी कुठला हात उडतो हिचा?”

“डावा,” मी म्हणाले.

“उजवा,” आई म्हणाली.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. दहा वर्षं तिला धरत होतो आणि आम्हाला सांगता येत नव्हतं. मला इतकी लाज वाटली की काय सांगू.

“मेंदू उलटा चालतो,” डॉक्टर म्हणाले. “डावा हात असेल तर दोष उजव्या बाजूला. बघू, आकडे काय सांगतात ते.”

ज्युलिया टेबलावर बसून पाय हलवत होती. “तुम्ही मला भोपळ्यासारखी चिरणार, आणि ह्या दोघींना डावं-उजवं कळत नाही,” ती म्हणाली. डॉक्टर हसले. मला नाही हसू आलं.

पुढच्या सोमवारी सतरा नंबरची शीटं आली. दोनशे चाळीस कार्डांची. जयंतीनं पंच केली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

पहिल्याच कार्डावर मशीन अडलं. चौथ्या जागेवर. चौथी जागा म्हणजे डावं कानशील. शीटवर त्रेसष्ट होते. जयंतीनं त्रेसष्टच मारले होते. मी एकतीस मारले होते.

त्रेसष्ट बघून एकतीस? मी स्वतःलाच शिवी घातली, दुरुस्त केलं आणि पुढे गेले. बाराव्या जागेवर पुन्हा लाल दिवा. ते उजवं कानशील. शीटवर बावीस, आणि माझ्या बोटांनी मारले अठ्ठावन्न.

दुसरं कार्ड. चौथ्या जागेवर अडलं, बाराव्या जागेवर अडलं. बाकीचे चौदा आकडे गुळगुळीत गेले. तिसऱ्या कार्डालाही तसंच झालं. नाचता येईना अंगण वाकडं असं कुणी म्हणू नये म्हणून मी शेजारच्या व्हेरिफायरवर जाऊन बसले. तिथेही तेच.

मी एक गोष्ट केली. बोटांनी मारलेले आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले, तीस कार्डांचे. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिऊन, ताज्या डोळ्यांनी तीच तीस कार्डं पुन्हा घातली. पुन्हा तिथेच अडली. आणि बोटांनी मारलेले आकडे वहीतल्या आकड्यांशी ताडून बघितले. साठच्या साठ तेच होते. चूक अशी नसते. चूक प्रत्येक वेळी नवी असते, हे मी अकरा वर्षांच्या कामावरून सांगते.

“जयंती, जरा बस गं इथे,” मी म्हणाले. “ही दोन कार्डं कर.”

“का? मिरचीचे हात दुखले?”

“बस म्हणते ना.”

ती हसत बसली. शीट बघितली, मारायला लागली. चौथ्या जागेवर मशीन अडलं. तिनं पुन्हा शीट बघितली, दिवा विझवून पुन्हा मारलं, पुन्हा अडलं. तिसऱ्यांदाही. मी वही उघडून तिच्यापुढे धरली नव्हती, पण तिच्या बोटांनी मारलेला आकडा एकतीसच होता.

जयंतीनं हात मांडीवर घेतले आणि पदरानं पुसले. “मी स्वतः त्रेसष्ट पंच केलेत,” ती हळूच म्हणाली. “काल काही झालं नाही. सेरा, ही कुणाची कार्डं आहेत?”

मी सांगितलं नाही. ती उठली ती उठलीच. त्या दिवशी माझ्या टेबलाच्या बाजूनं गेलीसुद्धा नाही.

शीटप्रमाणे बघितलं तर लाट डावीकडे जोरात होती. बोटांप्रमाणे उजवीकडे. मला त्या आठवड्यात झोप नव्हती, जेवण गोड लागत नव्हतं. घरी ज्युलियाकडे बघत बसायची. ती शिलाईचं मशीन चालवायची आणि मी तिचे हात बघायची. कुठला उडतो? एकदा ती म्हणाली, “काय गं, माझ्या हातांची दृष्ट काढतेस की काय?” मी उगाच तिच्यावर खेकसले.

शुक्रवारी दुपारी तिला फिट आली. मी सुट्टी काढून घरीच होते. ती कापड कापत होती. कात्री ठेवली, माझ्याकडे अनोळखी नजरेनं बघितलं, आणि डाव्या हाताचा अंगठा तळहातावर आपटायला लागला. आधी अंगठा, मग मनगट, मग सगळी ती.

डावा होता. मी शपथेवर सांगेन. आई दारातून म्हणाली, “उजवा होता गं, मी बघितला.” पण आई दारात होती आणि मी तिच्यासमोर बसले होते.

समोर बसले होते, आणि समोरच्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. तेव्हा त्याचा विचार केला नाही. आता रोज करते.

शनिवारी मी ऑफिसात लवकर गेले. कोरी कार्डं घेतली आणि पंचिंग मशीनवर बसले. शीट समोर ठेवली, नमो मरिया सुरू केली आणि बोटांना अडवलं नाही. दोनशे चाळीस कार्डं झाली. मग व्हेरिफायरवर घातली. एकही अडलं नाही. जुना गठ्ठा मी जाळीच्या टोपलीत टाकला, नवा डब्यात भरला आणि दत्तारामच्या टेबलावर ठेवला.

“सतरा झाला?” त्यानं विचारलं.

“झाला.”

“शीटाप्रमाणा?”

“मग कसं?” मी म्हणाले, आणि त्याच्या अंगावर ओरडले की माझ्यावर संशय कसला घेतोस. बिचाऱ्यानं डबा उचलून पाठवायच्या गठ्ठ्यात ठेवला. अकरा वर्षांत मी केलेलं ते पहिलं खोटं काम.

नकाशा आला. काळा डाग उजव्या कानशिलावर, नीट गोल. डॉक्टर चित्रे खूश होते. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवला.

“खरं सांगू? पट्टी बघून मला डावीकडेच वाटत होतं,” ते म्हणाले. “बरं झालं, मशीनला विचारलं.”

तोंड उघडायची ती वेळ होती. तोंडात शब्दसुद्धा आले होते. पण मला वाटलं, मी सांगितलं तर हा माणूस ऑपरेशनच करणार नाही, आणि ज्युलिया पुन्हा इस्त्रीवर पडेल, विहिरीत पडेल, रस्त्यावर पडेल. आणि बोटं काय उगाच खोटं सांगतील? मी मान हलवली.

मेमध्ये ऑपरेशन झालं. उजव्या बाजूला.

फिट यायची थांबली. पहिला आठवडा, पहिला महिना, दुसरा. आईनं नवस फेडायला मोत माउलीला मेणाचं डोकं वाहिलं. शेजारणी ज्युलियाचा हात धरून बघायला यायच्या. मीही देवाचे आभार मानले, अगदी मनापासून.

फक्त ज्युलिया भांडत नव्हती. मासळीवालीनं शिळा बांगडा दिला तरी “बरं” म्हणायची. मी मुद्दाम तिचा नवा ब्लाउज घालून त्यावर चहा सांडला. तिनं बघितलं आणि म्हणाली, “बरं.” सुई मात्र पूर्वीपेक्षा भराभर चालायची. आई म्हणायची, शहाणी झाली. मला माझी जुनी ज्युलिया इतकी आठवायची की मी मोरीत जाऊन रडायची.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी पुन्हा तिच्या डोक्याला तारा लावल्या. शीटं आली. जयंतीनं नंबर न बघता पंच केली आणि गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून गेली.

मी नमो मरिया सुरू केली. पहिलं कार्ड घातलं.

चौथ्या जागेवरून बोटं पुढे गेली. बाराव्या जागेवरूनही गेली. कार्ड सरकलं.

दुसरं सरकलं. दहावं. पन्नासावं. लाल दिवा लागला नाही. शंभराव्या कार्डाला माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, समोरची शीट दिसेना, तरी बोटं चालत होती. म्हणजे आता शीट आणि हात एक झाले. म्हणजे माझं चुकलं नव्हतं. माझी बहीण बरी झाली होती.

दोनशे चाळिसावं कार्ड सरकलं. मी पदरानं तोंड पुसलं.

“सेरा,” मागून जयंती म्हणाली. तिच्या हातात कागद होते. “सॉरी गं, सतराची शीटं माझ्याच टेबलावर राहिली. तू थांबली असशील ना?”

मी समोर बघितलं. माझ्या स्टँडला लावलेल्या शीटवर तेवीस नंबर होता. तेवीसचं पहिलं पान. मी ते उलटलंसुद्धा नव्हतं.

जयंतीच्या हातातून मी सतराची शीटं घेतली. चौथी जागा बघितली, डावं कानशील. एप्रिलमध्ये त्रेसष्ट होते. आता पंच्याहत्तर. खाली एक्क्याऐंशी. त्याच्याखाली अठ्ठ्याऐंशी.

बाराव्या जागेवर, जिथे कापलं होतं, तिथे पानभर शून्यं.

जयंती काहीतरी विचारत होती. मी पर्स उचलली आणि निघाले. डॉक्टरांकडे जायचं होतं, सगळं सांगायचं होतं. बस मिळाली ती वाकोल्याची. मी चढले.

घरी ज्युलिया अंगणात पाटावर बसून बोंबील साफ करत होती. आई कुठेतरी गेली होती. मी फाटकाशी उभी राहिले. ऑफिसातल्या कामाबद्दल मी घरात कधी चकार शब्द काढलेला नव्हता, मशीन कसं चालतं हे आईलासुद्धा ठाऊक नव्हतं.

तिनं वर बघितलं नाही.

“आज एकही अडलं नाही ना?” तिनं विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली, आणि दुसरा बोंबील उचलला.