वाळूच्या घड्याळाची कंबर

दार ओढून घे रे. आणि मधेच फोन बघायचा नाही.

आमच्या थिएटरात कपडे शिवणारे मास्तर होते, त्यांची ही गोष्ट. मी तिथे दिवे सांभाळायचो. त्यांनी स्वतः मला सांगितलेली. एका जुन्या ऑपेराला नवं रूप द्यायचं होतं. नेपथ्य आणि पोशाख, दोन्ही एकाच बाईंकडे. त्यांनी अख्ख्या रंगमंचाचं वाळूचं घड्याळ केलं आणि म्हणाल्या, नायिकेची कंबरही तशीच हवी.

आता, गाणाऱ्याचं माप छाती भरून श्वास घेतल्यावर घेतात. मास्तरांना हे काय शिकवायचं! पण बाई म्हणाल्या, "आधी श्वास सोडायला लावा, मग टेप लावा."

"बाई, गायचंय तिला."

"तुमची मुलगी आपल्याकडेच शिवणाला आहे ना, मास्तर? अजून कायम व्हायचीये."

मास्तरांनी तिला श्वास सोडायला लावला आणि टेप लावली. रंगीत तालमीत वरचा सूर लावताना ती गायिका कोसळली. पोशाखाची पाठीवर आवळलेली नाडी कापेपर्यंत सगळं संपलं होतं. बाईंनी पोशाख उचलून झटकला. "फाटला नाही, नशीब. नवी मुलगी बारीक आहे. दोन इंच आत घ्या."

आणि मास्तर निघाले की आत घ्यायला! गुरुवारची रात्र, दोन वाजून दहा मिनिटं. शिवणाच्या खोलीत एकटेच. पाठीच्या नऊ-नऊ भोकांच्या दोन ओळींतून नवी नाडी ओवून पोशाख लाकडी पुतळ्यावर चढवला. कंबरेला टेप लावली. चोवीस. चष्मा पुसला, पुन्हा लावली.

तेवीस.

लाकडाची कंबर बारीक होते का रे कधी?

बावीस.

नाडी सरकत होती... भोकाभोकांतून... सावकाश. मास्तरांनी ती धरली. बोटं सोलली. सुटेना.

"पोरी... मी नाही... बाईंनी सांगितलं म्हणून..."



एकोणीस.

मास्तरांनी कात्री घातली. नाडी तुटली. पुतळा जसाच्या तसा. चोवीस.

सुटलो म्हणत ते घरी गेले. मुलगी गाढ झोपलेली दिसली. त्यांनी तिचं पांघरूण सारखं केलं.

सकाळी ती उठलीच नाही. विशीतली पोर! डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. इकडे प्रयोग दणक्यात झाला, बाईंना बक्षीस मिळालं. मला अजून संताप येतो.

तो पोशाख त्या पोरीने कधी अंगाला लावला नव्हता. त्या रात्री ती ढगळ सुती झगा घालून झोपली होती. डॉक्टरांनी तिला कुशीवर वळवलं, तेव्हा मी तिथेच उभा होतो. पाठीवर गोल, निळे वळ होते...

दोन ओळींत. नऊ इकडे, नऊ तिकडे.