तिरक्या रेघेचा अंगठा

हुबळीच्या स्टेशनापलीकडे वकिलांचा एक क्लब होता. तिथं दर रविवारी दुपारी पत्त्यांचा पोकर चाले आणि सोमवारी सकाळी आनंदा त्या खेळात पैशांऐवजी डावावर लावायच्या चकत्या पुसायला बसे. अस्सल हस्तिदंती चकत्या, कुणा गोऱ्या साहेबानं विलायतेला परतताना मागं ठेवलेल्या. काही पांढऱ्या, काही लाल. हस्तिदंताचे नखरे फार. पाण्यात भिजला की तडकतो, कडक उन्हात ठेवला की तडकतो आणि पेटीच्या अंधारात कोंडला की पिवळा पडतो. म्हणून आनंदा ओलसर मलमलीनं एकेक चकती पुसायचा, लगेच कोरडी करायचा आणि व्हरांड्यातल्या कोवळ्या उजेडात सुपात पसरायचा. अळणावरकडं म्हशी राखलेला हा गडी, पण तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तसं त्याचं काम चाले.

अक्षर एक ओळखत नव्हता, पण कुठली चकती कुणाच्या हातात होती हे बिनचूक सांगायचा. मुकुंदराव वकिलांच्या बोटांचा चुना, बाळाचार्यांच्या बोटांचं गंध. चकत्या वाटून देणारे क्लबाचे कारकून शेषगिरी अण्णा, त्यांची तपकीर. अण्णा रोज पहाटे उणकलच्या तळ्यात बुडी मारून यायचे, तरी त्यांच्या बोटांचा तपकिरीचा वास काही जायचा नाही. आनंदाला तो वास घरच्यासारखा वाटे. अण्णांनीच त्याला आठ वर्षांपूर्वी नोकरीला लावलं, क्लबामागची खोली मिळवून दिली; कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं ते त्याला 'तम्मा' म्हणायचे. बायको सोनाबाई बाळंत झाली तेव्हा अण्णांच्या घरून दहा दिवस डबा आला होता. अण्णांसाठी तो विस्तवावर चालला असता.

चैत्रातल्या एका सोमवारी एका पांढऱ्या चकतीवर त्याला अंगठ्याचा ठसा दिसला. काळ्या शाईचा, रेषा न् रेषा स्पष्ट. मधोमध एक तिरकी कोरी रेघ, व्रणावर शाई धरत नाही तशी.

वकील लोक सही करतात. या क्लबात अंगठा उठवणारा माणूस एकच, तो स्वतः. त्यानं घाबरून आपला अंगठा उजेडात धरला. व्रण नव्हता. त्याला हायसं वाटलं, त्यानं ठसा पुसून टाकला. पुढच्या सोमवारी तसेच तीन निघाले.

"अण्णा, हे बघा की. हा हात आपल्यातला न्हाई."

अण्णांनी चकती हातात घेतली नाही. "कुणाची तरी शाई लागली असेल की. पुसून सोड, तम्मा. गावभर सांगत बसू नको."

त्याच आठवड्यात कंदिलाची काच पुसताना फुटली आणि आनंदाच्या अंगठ्यात खोल शिरली. सोनाबाईनं हळद दाबून चिंधी बांधली. कोर्टाला उन्हाळ्याची सुटी लागली, क्लब बंद राहिला, जखम भरली. ठशांचं तो विसरूनही गेला.

क्लब उघडला त्या दिवशी अण्णा एक कागद आणि शाईची डबी घेऊन आले.

"लाल चकत्यांचा रंग उडालाय रे. वीस चकत्या धारवाडला रंगवायला देतो. वस्तू तुझ्या ताब्यातल्या, म्हणून तुझा अंगठा पाहिजे."

कागद इंग्रजीत होता. "काय लिहिलंय, अण्णा?"

"हेच की. माझ्यावर भरवसा नाही काय?"

आनंदा ओशाळला. विचारल्याचीच त्याला लाज वाटली. त्यानं अंगठा दाबला, उचलला आणि कागदाकडं पाहिलं.

काळा ठसा. मधोमध तिरकी, कोरी रेघ.

चैत्रात त्यानं चकतीवरून पुसलेला तोच ठसा. त्यानं हात पुढं करेपर्यंत अण्णांनी शाईवर फुंकर मारून कागदाची घडी घातली होती.

रविवारी मुकुंदरावांनी त्याला सगळ्यांसमोर बोलावलं आणि तो कागद मराठीत सांगितला. वीस लाल चकत्या मी चोरल्या आणि दुर्गदबैलाच्या बाजारात विकल्या.

"हा अंगठा तुझाच ना रे?"

आनंदानं अण्णांकडं पाहिलं. अण्णा भिंतीकडं बघत म्हणाले, "लेकरासारखा सांभाळला होता हो याला."

चोर ठरलो याचं त्याला तेवढं लागलं नाही. लेकरासारखा म्हणत अण्णांनी चोर ठरवलं, ते काळजात घुसलं. उद्या पेटी स्वाधीन कर, खोली रिकामी कर, एवढं मुकुंदरावांनी सांगितलं ते त्यानं मान खाली घालून ऐकलं.

सोमवारी खोलीत सोनाबाई भांडी बांधत होती. आनंदा नेहमीसारखा चकत्या पुसायला बसला. चिडून एखादी फोडावी, असं हातांना सुचलंच नाही.

सुपातल्या शेवटच्या पाच चकत्यांवर पाच बोटं उमटलेली होती.

तपकिरीचा वास येत होता. अण्णांचीच बोटं, त्याला शंकाच नव्हती. पण रेषा सैल पडलेल्या, कातडी फुगून सुरकुतलेली, दिवसभर पाण्यात राहिल्यासारखी. त्यानं चकती नाकाशी नेली. तपकिरीखाली तळ्यातल्या शेवाळाचा वास होता. त्याचा व्रणाचा अंगठाही चकतीनं असाच आधी दाखवला होता.

दहा वाजून गेल्यावर अण्णा पेटीची किल्ली न्यायला आले.

"मनात ठेवू नको, तम्मा. वीस चकत्यांचा हिशेब माझ्याकडं मागितला असता, माझाही नाइलाज होता."

आनंदा मुठीतल्या पाच चकत्यांकडं बघत राहिला.

"उद्या पहाटं तळ्यावर जाणार न्हवं, अण्णा?"

"जाणार की. एक दिवस तरी चुकलाय काय?"

नका जाऊ, हे शब्द आनंदाच्या ओठांपर्यंत आले. आठ वर्षांची सवय होती, जे दिसेल ते अण्णांना सांगायची.

त्यानं पेटी पुढ्यात ओढली.

न पुसलेली चकती त्यानं कधी पेटीत ठेवली नव्हती. आज त्या पाचही तशाच तळाशी ठेवल्या, झाकण लावलं आणि किल्ली पुढं केली.

अण्णांनी ती घेतली तेव्हा त्यांची बोटं आनंदाच्या तळव्याला लागली. बाहेर रखरखीत ऊन होतं. बोटं ओली, गार होती आणि टोकांना सुरकुतलेली.