लाँड्रीतली गळती

मेकॅनिकची बायको आली तेव्हा पोस्टमास्तर भिंगवाल्यांच्या खुर्चीत बसून शब्दकोडं चुकीचं सोडवत होते.

पोस्टमास्तर निवृत्त झाले होते, पण हुद्दा अंगातून उतरला नव्हता. भिंगवाल्यांचं उलट होतं. खासगी तपास करतात म्हणून लोकांनी त्यांना हे नाव चिकटवलं होतं. प्रत्यक्षात त्यांच्याकडे भिंग कधीच नव्हतं. चष्मा होता, आणि तो बहुधा सापडत नसे.

"माझ्या नवऱ्यानं माणूस मारला म्हणतात," ती उभ्या उभ्याच म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"तेच म्हणतात."

पोस्टमास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली.

तिनं सांगितलं ते असं. बाजारातल्या लाँड्रीवाल्याच्या जनरेटरमधून पेट्रोल गळत होतं. तिच्या नवऱ्यानं कार्बोरेटर उघडून गळती काढली. दुसऱ्या दिवशी वीज गेली, लाँड्रीवाला मागच्या खोलीत जाऊन जनरेटर सुरू करायची दोरी ओढतो तोच भडका उडाला. माणूस तिथंच गेला. मेकॅनिकनं बातमी ऐकली, हात धुतले आणि स्वतःच्या पायांनी चौकीवर जाऊन गुन्हा कबूल केला.

"उद्या कोर्टातही तेच सांगणार आहेत. वकील नको म्हणतात. दोन पोरी आहेत हो पदरात. त्यांना मी काय सांगू, बाप प्रामाणिक आहे म्हणून आत गेला?"

भिंगवाले चष्मा शोधू लागले. याचा अर्थ काम घेतलं असा होतो, हे पोस्टमास्तरांना अनुभवानं ठाऊक होतं.

मेकॅनिक कोठडीत भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"माझीच चूक, साहेब. फ्लोट नीट बसला नसणार."

"फ्लोट म्हणजे?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"कार्बोरेटरच्या खाली वाटी असते. तिच्यात पितळेची पोकळ डबी तरंगते, तो फ्लोट. वाटी भरली की तो वर येऊन पेट्रोल थांबवतो. त्यांच्या फ्लोटला भोक होतं. आत पेट्रोल शिरून तो बुडायचा, मग पेट्रोल थांबतच नव्हतं."

"भोक कळलं कसं?"

"गरम पाण्यात धरला. बुडबुडे आले. मग नवा टाकला आणि जुना पुडीत बांधून मालकांच्या हातात दिला. त्यांची तशी अटच होती. तुम्ही लोक जुनाच पुसून बसवता, म्हणायचे."

"वाटी बंद कशी करता?"

"काळं रबराचं कडं असतं. तेही नवं टाकलं. पेट्रोल लागलं की ते फुगतं. एकदा उघडलं तर लगेच खाचेत बसत नाही. उन्हात टाकलं की वाळून पुन्हा पहिल्यासारखं. म्हणून मी दोनदा उघडत नाही. कदाचित उघडायला हवं होतं." त्यानं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

लाँड्रीत जळक्या कापडाचा वास भरून राहिला होता. फौजदार भिंगवाल्यांच्या ओळखीचे होते, म्हणजे त्यांना पाहून कपाळाला हात लावण्याइतके. "आरोपी कबूल आहे, तुम्ही कशाला कबूल होत नाही?" असं म्हणून त्यांनी मागची खोली उघडून दिली.

जनरेटरचा कोळसा झाला होता. भिंगवाल्यांनी कार्बोरेटरची वाटी काढली. फ्लोटचा डाग, म्हणजे झाळलेला सांधा, सुटून दोन शकलं पडली होती. त्यावरून काहीच कळण्यासारखं नव्हतं. वाटीच्या कडेला खाच होती, तीत बारीक पांढरी राख.

"तेवढीच एक स्वच्छ जागा," पोस्टमास्तर म्हणाले.

भिंगवाल्यांनी राख कागदात घेतली.

मागच्या अंगणात उन्हाचा चटका होता. मोरीजवळ पोस्टमास्तरांना एक बारीक काळं कडं पडलेलं दिसलं. कुणा पोरीची बांगडी असेल म्हणून त्यांनी ते उचलून कट्ट्यावर ठेवलं. भिंगवाल्यांनी ते खिशात टाकलं.

लाँड्रीवाल्याची बायको इस्त्रीच्या टेबलाशी बसली होती. समोर कुणाचे तरी शर्ट तसेच पडले होते.

"मी बहिणीकडे होते. जनरेटर दुरुस्त झाला हेसुद्धा मला आगीनंतर कळलं."

"खोलीभर पेट्रोल सांडलेलं असणार, बाई. त्यांना वास कसा आला नाही?"

तिनं समोरच्या शर्टाची कॉलर सरळ केली. "आजारपणात त्यांचं नाक गेलं होतं. कुणाला सांगायचं नाही म्हणून मला आणि भाओजींना शपथ घातली होती. कपडा करपला तरी ज्याला कळत नाही, त्याच्याकडे कपडे कोण टाकेल?"

वरच्या मजल्यावरचे भाडेकरू शिकवणी घेत. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मला जिन्यात पेट्रोलचा वास आला होता. खाली येऊन सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, 'मास्तर, मला तर काही येत नाही.' मला वाटलं, आपलंच नाक बिघडलं. वर गेलो आणि खिडकी लावून घेतली." त्यांनी जिन्याकडे पाहिलं. "खिडकी लावली मी."

लाँड्रीवाल्याचा धाकटा भाऊ गल्ल्यावर होता. आल्यागेल्यांना चहा पाजत, जागून डोळे सुजले होते, असं तो स्वतःच म्हणाला. त्यानं फ्लास्क वाकडा केला. चहा कपात पडला तेवढाच झाकणाच्या कडेनं पोस्टमास्तरांच्या विजारीवर पडला.

"माफ करा हां काका. अलीकडे गळायला लागलाय."

"आमचंही तसंच आहे," पोस्टमास्तर विजार पुसत म्हणाले.

"तुमच्या दादांनी जुना फ्लोट कुठे ठेवला?" भिंगवाल्यांनी विचारलं.

"तो काय, फळीवर पुडीत. दादा सगळं जपून ठेवायचा."

भिंगवाल्यांनी पुडी घेतली आणि त्याच्या वहिनींकडे एक पातेलं गरम पाणी मागितलं.

सगळे लाँड्रीतच उभे राहिले. बसायला जागा होती ती शर्टांना. भिंगवाल्यांनी पुडीतला फ्लोट चमच्यानं पाण्याखाली दाबून धरला. सगळे पाहत राहिले. एकही बुडबुडा आला नाही.

"यात भोक नाही," ते म्हणाले. "हा जुना नव्हेच, मेकॅनिकनं बसवलेला नवा आहे. मग इंजिनात कोणता होता?"

"भोकाचा," पोस्टमास्तरांच्या तोंडून निघालं, आणि आपण बरोबर बोललो याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"कुणीतरी दुरुस्तीनंतर वाटी उघडली, फ्लोट अदलाबदल केले आणि पुडी रिकामी दिसू नये म्हणून नवा तीत ठेवला. मग टाकीची पेट्रोलची तोटी उघडून ठेवली. मेकॅनिकला हे करायचं असतं तर त्यानं जुना फ्लोट मुळात काढलाच नसता. आणि त्यानं या कड्याच्या बाबतीतही घोटाळा केला नसता."

त्यांनी खिशातलं काळं कडं काढून वाटीच्या खाचेत दाबलं. ते चपखल बसलं.

"वाटी उघडली तेव्हा हे फुगलेलं होतं. उघडणाऱ्याला वाटलं, वाया गेलं. त्यानं ते अंगणात फेकलं आणि दुसरं शोधलं. उन्हात पडून हे पुन्हा मापात आलं. दुसरं जळलं, पण त्याची राख पांढरी. काळं रबर जळून असं पांढरं होत नाही, सिलिकॉन होतं. तसलं कडं डब्यांना असतं, फ्लास्कच्या झाकणांना असतं."

कुणी फ्लास्ककडे पाहिलं नाही. म्हणजे सगळ्यांनी पाहिलं.

"वरच्या शिकवणीच्या मास्तरांनी मालकांना सावध केलं होतं, म्हणजे मास्तरांना नाकाची गोष्ट ठाऊक नव्हती. ज्याला ठाऊक होती, त्यालाच खात्री होती की हा माणूस पेट्रोलात उभा राहून दोरी ओढेल. ठाऊक होती दोघांना, आणि त्यातल्या वहिनी बहिणीकडे होत्या. फौजदार, तेवढं झाकण उघडता?"

झाकणाची खाच रिकामी होती.

"हरवलं ते," धाकटा म्हणाला. मग फौजदारांच्या हातातल्या झाकणाकडे पाहून म्हणाला, "गिऱ्हाईक चांगलं आलं होतं जागेला. दादा म्हणाला, मी जिवंत असेतो इस्त्री थंड होणार नाही." आवाज अगदी साधा होता. "मी लहानपणापासून कॉलरींनाच इस्त्री करतोय, वहिनी."

वहिनींनी गरम पाण्याचं पातेलं उचललं आणि मोरीत ओतलं.

मेकॅनिकला सोडलं तेव्हा त्याला भिंगवाल्यांनी सगळं दोनदा सांगितलं. पहिल्यांदा त्यानं ऐकलंच नव्हतं.

"म्हणजे मी बसवलेला बरोबर बसला होता?"

"अगदी बरोबर."

त्याला आनंद झालेला पोस्टमास्तरांना दिसला नाही. तो चौकीच्या पायरीवर उभा राहून हातांकडे पाहत होता. "तरी मालक गेलेच," तो म्हणाला. "मी विचारायला हवं होतं, वास येतो का म्हणून."

"असं कोण कुणाला विचारतं?" बायको म्हणाली. "पोरी दारात उभ्या असतील."

तो हलला नाही. तेव्हा तिनं भर रस्त्यात, येणारेजाणारे बघत असताना, त्याचा तेलानं कायमचा काळवंडलेला हात धरला. त्यानं तो ओढून घेतला, आपला हात काळा आहे म्हणून. तिनं पुन्हा धरला.

दुसऱ्यांदा त्यानं राहू दिला, आणि दोघं घराकडे चालू लागली.