केंद्रकाच्या दारातला हमाल

दोन काचेच्या बशा होत्या. दोन्हींत माणसाच्या सारख्याच पेशी आणि सारखंच हिरवं चमकणारं प्रथिन. पहिल्या बशीत हिरवा रंग प्रत्येक पेशीच्या मधोमध गोळा झाला होता. दुसरीत मात्र तो बाहेरच पसरलेला. असं का व्हावं?

"सतरा नंबरचं औषध गेलं कामातून," डॉ. शेलार म्हणाले आणि त्यांनी नोंदवही उघडली. दोन वर्षं त्यांनी या औषधामागे घालवली होती. त्यांचा चेहरा पडला.

सन २०५८ मधली सांगलीजवळची ही प्रयोगशाळा. शेलारांची अकरा वर्षांची नात कस्तुरी सुट्टीत रोज इथे येई. तिच्या मागे ढब्बू नावाचा गोलमटोल यंत्रमानव हिंडे. आजोबांची अट एकच: न विचारता कशाला हात लावलास तर येणं बंद. अकराव्या वर्षी असली अट पाळणं किती कठीण असतं, ते मी सांगायला नको.

"आजोबा, रंग मधोमध जातो म्हणजे कुठे?"

"केंद्रकात (पेशीचं कार्यालय, सगळ्या सूचना तिथे असतात). त्याच्या भिंतीला बारीक दारं असतात. लहान रेणू आपले आपण शिरतात, मोठी प्रथिनं अडतात. त्यांना हमाल लागतो."

"हमाल?"

"वाहक प्रथिन (दुसऱ्या प्रथिनाला आत पोचवणारं). मालावर, म्हणजे इथे या हिरव्या प्रथिनावर, पत्त्याची चिठ्ठी असते. हमाल ती धरतो, माल आत नेऊन उतरवतो आणि मोकळा परत येतो. तुझ्या वर्गातल्या ईशानच्या चेतापेशींत (मेंदूचे निरोप नेणाऱ्या पेशी) हीच ने-आण मंदावली आहे. या औषधाने ती वाढेल असं वाटलं होतं."

ईशानला हल्ली शर्टाची बटणंही लावता येत नसत. कस्तुरीने टेबलावर बर्फात ठेवलेल्या नळ्यांकडे पाहिलं.

"मग हा हमाल नळीत कुठून आला?" तिने विचारलं.

"मी सांगतो!" ढब्बू पुढे सरसावला. "माणसाचं जनुक (प्रथिन बनवायची सूचना) आम्ही जिवाणूंत बसवलं. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक सूचना कुणाची! त्यांनी मुकाट्याने माणसाचं प्रथिन बनवलं. ते शुद्ध करून आम्ही चार नळ्यांत भरलं. हे पुनःसंयोजित प्रथिन (जनुक दुसऱ्या सजीवात जोडून मिळवलेलं). पेशींतले मूळचे हमाल धुऊन काढायचे आणि नळीतले मोजून घालायचे, म्हणजे काम कुणी केलं ते नेमकं कळतं. पहिल्या बशीत पहिली नळी होती, औषध नव्हतं. दुसरीत दुसरी नळी आणि औषध."

"आणि नळ्या बर्फात का ठेवायच्या?" कस्तुरीचा आवाज बारीक झाला होता.

"प्रथिन म्हणजे नेमक्या घड्या पडलेला धागा," आजोबा म्हणाले. "फार गरम झालं की घड्या विस्कटतात. मग त्याला चिठ्ठी धरता येत नाही."

प्रथिन दिसतं कसं, हे बघायला कस्तुरीने दुपारी, प्रयोगाआधी, दुसरी नळी खिडकीशी नेली होती. दिसलं ते पाण्यासारखंच. तेवढ्यात जेवायची हाक आली आणि नळी तासभर एप्रिलच्या उन्हात राहिली. मग तिने ती गुपचूप बर्फात ठेवली. आता बोललं तर येणं बंद होणार, आणि नाही बोललं तर औषध बाद.

आजोबांनी पेन उचललं.

"आजोबा, थांबा! औषध वाईट नसेल. दुसरी नळी मी उन्हात विसरले होते." तिने सगळं सांगून टाकलं. सांगताना तिला रडू आवरेना.

आजोबांनी पेन खाली ठेवलं. "मी रागावलोय," ते म्हणाले. "ढब्बू, तिसरी नळी औषधाबरोबर घाल. चौथी औषधाशिवाय."

तो अर्धा तास कस्तुरीला सरता सरेना. मग पडद्यावर दोन्ही बशा उमटल्या. दोन्हींत केंद्रकं हिरवी झाली होती, पण औषधाच्या बशीतली अधिक ठळक होती.

"एका बशीने सिद्ध होत नाही," आजोबा म्हणाले, पण पडद्याजवळ सरकून त्यांनी पुन्हा पाहिलं. "नवं प्रथिन करायला हवं. पुन्हा पुन्हा करून बघू. ईशानपर्यंत पोचायला वर्षं लागतील, पण रस्ता बंद झालेला नाही."

त्यांनी नोंदवही तिच्यापुढे सरकवली. कस्तुरीने डोळे पुसून लिहिलं, 'दुसरी नळी तासभर उन्हात राहिली. चूक माझी. कस्तुरी.'

आजोबांनी वाचलं आणि वही परत तिच्याकडे दिली.

"आडनावही लिही. इथे काम करणारे पूर्ण नाव लिहितात."