सात दिवस ठेवलेला रकाना

रविवारी सकाळी दहाला अख्खं झोम्बा शहर चर्चमध्ये असतं. दवाखाने थंड, रस्ते ओस. म्हणूनच आतुपेलेनं जुना रकाना पुसायला हीच वेळ धरली होती.

काम तसं साधं. गावोगावच्या नर्सबाया ज्या वेबसाइटवर गरोदर बायकांच्या नोंदी करत, तिच्या डेटाबेसची रचना बदलायची होती. 'शेरा' हा जुना रकाना जाणार, त्याच्या जागी रक्तदाब, सूज, ताप असे नवे येणार. ऑफिसचा नियम मात्र कडक, आणि तो हात पोळल्यावरच आलेला. एकदा घाईघाईत भरला रकाना उडवला आणि चारशे बायकांच्या तारखा गेल्या. तेव्हापासून आधी नवं जोडायचं, माहिती उतरवायची, आणि जुनं सात दिवस तसंच ठेवायचं. सात दिवसांत कुणी हात लावला नाही, तरच पुसायचं.

सहा दिवस चिटपाखरू फिरकलं नव्हतं. आज सातवा. आतुपेलेनं शेवटचं म्हणून पाहिलं, आणि तिचं बोट बटणावरच थांबलं.

नऊ छप्पन्नला एक ओळ आली होती. 'हिला आज एकटी ठेवू नका.'

पुढं नाव होतं वेझीचं. वेझी म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण. सातवा महिना चालू होता तिचा.

शेऱ्यात असं लिहायची एकच बाई, गावच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या नाचिसाले सिस्टर. त्यांना तर ईस्टरला पुरलं होतं. मूठभर माती आतुपेलेनंही टाकली होती. आणि शेऱ्याचा चौकोन स्क्रीनवरून आठवड्यापूर्वीच काढलेला. लिहिणार कुठून?

तिनं साहेबांना, कामवेन्डोंना, फोन लावला.

"सर, जुन्या रकान्यात कुणीतरी लिहितंय."

"अगं बाई, मी चर्चमध्ये आहे!" मागं गाणं चाललेलं. "कोण लिहिणार? काहीतरी जुनं अडकलं असेल, आता उमटलं. पुसून टाक आणि मोकळी हो. उद्या सकाळी सगळ्यांना नवं हवंय."

"पण सर..."

फोन बंद.

तिनं लॅपटॉप उघडला. त्यात शुक्रवारी तपासणीसाठी घेतलेली नक्कल होती. नेट नाही, वायर नाही, कशाशी संबंध नाही. शुक्रवारी वेझीपुढं काही नव्हतं, हे तिला पक्कं आठवत होतं.

आता ओळ तिथंही होती. ती बघत असतानाच त्याच ओळीत आणखी एक शब्द उमटला. 'लवकर.'

खोलीत डेटॉलचा वास आला. नाचिसाले सिस्टरच्या हातांना यायचा तसाच. आतुपेलेनं बहिणीला फोन लावला.

"वेझी, कुठं आहेस गं?"

"घरीच. सगळे चर्चला गेलेत." आवाज जड होता. "डोकं ठणकतंय ताई... डोळ्यांपुढं चांदण्या दिसतायत."

"पाय सुजलेत?"

"चपलासुद्धा होईनात. तुला कुणी सांगितलं?"

"ते सगळं नंतर! दाराची कडी काढून ठेव, आडवी हो, हलू नकोस!"

तिनं गावच्या दवाखान्यातल्या नर्सला फोनवर गाठलं, गाडी धाडली, स्वतःही इस्पितळाकडं पळाली. वाटेत रक्तदाब चढून वेझीला आकडी आली, पण धरायला नर्स शेजारी होती. दुपारी दोनला बाळ झालं. वीतभर पोरगी, पण काय ओरडली! आतुपेले भिंतीला टेकून ढसाढसा रडली.

चार वाजता ती कॉम्प्युटर बंद करायला ऑफिसात परतली. साहेबांचा फोन आलाच.

"पुसलास ना?"

"नाही सर. हात लागलाय त्याला. सात दिवस पुन्हा पहिल्यापासून."

"तू आणि तुझे नियम! बरं, पुढच्या रविवारी तूच ये मग. एकटीच असतेस, शांत काम होतं तुझं."

"हो सर," म्हणत तिनं रकाना पुन्हा उघडला. वेझीच्या खाली एक नवं नाव आलं होतं. आतुपेले. ती गरोदर नव्हती, त्या यादीत कधीच नव्हती. पुढं तेच अक्षर न् अक्षर. 'हिला आज एकटी ठेवू नका.'

वेळ, नऊ छप्पन्न. वार, रविवार. तारीख मात्र अजून उजाडायची होती.