नेरेइदाने बांधलेली चाकं

"हात लावू नका मला! ह्याच हातांनी बांधला होतात ना तो ब्रेक?"

इदानियाने पाय झटकन मागे ओढला आणि कोमट पाण्याचं घमेलं कलंडलं. तिला शेक द्यायला खाली बसलेली नणंद, नेरेइदा, ओलं फडकं हातात धरून तशीच राहिली... भावजयीच्या डोळ्यांतली ती घृणा! आणि मागे दाराशी उभा राहून नेरेइदाचा सख्खा भाऊ, इदानियाचा नवरा ओस्निएल, शांतपणे आंब्याची कोय चोखत होता. नेरेइदाला शिसारी आली. भावजयीच्या शब्दांनी नव्हे, त्या चोखण्याच्या आवाजाने!

आई गेली तेव्हा ओस्निएल चड्डीत फिरणारा पोरगा होता. त्याच्यापायी नेरेइदाने लग्नाच्या मागण्या परतवल्या, बापाचं सायकलदुरुस्तीचं दुकान चालवलं. सान्तियागो शहराच्या त्या उभ्या चढउतारांच्या गल्ल्यांत वाकड्या चाकाची आउट काढावी तर तिनेच, असं लोक म्हणत. ओस्निएलने लग्नानंतर पाण्याच्या पंपाचं इंजिन सायकलीला बांधून रिकिम्बिली करायला घेतली, तेव्हाही ती म्हणाली होती, "इंजिन तू बसव. पण चाकं माझी. ही सायकलची चाकं हा भार पेलणार नाहीत, आणि नुसत्या रबरी ठोकळ्यांनी ती उतारावर थांबणारही नाहीत." मग एका मोडीतल्या मोपेडचा ब्रेकचा ड्रम काढून, जाड तारेचे आरे कापून, त्यांना आटे पाडून तिने ब्रेकसकट मागचं चाक बांधलं. बोटांची सालं निघाली, पण चाक कसं देखणं झालं होतं!

आणि वसंतात तो अपघात झाला. इदानिया मागे बसली होती. बंदराकडच्या उतारावर रिकिम्बिली भिंतीवर आदळली, आणि तिचा गुडघा कायमचा ताठ झाला... "ताईचा ब्रेक ऐनवेळी लागला नाही," ओस्निएल गल्लीभर सांगत सुटला.

नेरेइदाने मोडलेली गाडी वाकून पाहिली. मागचं चाक तिचं नव्हतंच! सायकलची एक हलकी रिम तिथे वेडीवाकडी होऊन पडली होती.

"माझं चाक कुठाय रे?"

"जड होतं गं ते, वेग मरत होता... एका मित्राला दिलं. त्याने चकचकीत सायलेन्सर दिला बदल्यात." त्याने तिचे पाय धरले. "ताई, इदानियाला सांगू नकोस! ती माहेरी निघून जाईल. आईची शपथ आहे तुला!"

आईची शपथ! ती गप्प राहिली. लोक दुकानाकडे पाठ फिरवून जाऊ लागले, तरी गप्प राहिली. फक्त त्याने "ताई" म्हटलं की तिच्या अंगावर पाल पडल्यासारखं होई. त्याचा उष्टा पेला विसळताना बोटं आखडत.

एका सकाळी इदानियाचा धाकटा भाऊ एलिओ आपली सायकल घेऊन आला. इंजिन बसवायचं होतं. अंगणात ओस्निएल ब्रेक म्हणून टायरचा तुकडा लोखंडी पट्टीला ठोकत बसला.

"भाऊजी, ब्रेक एवढाच?" एलिओने विचारलं.

"पुरे रे! ते ड्रमबिम सगळी थेरं. ताईच्या ब्रेकने तुझ्या बहिणीचं काय झालं, पाहिलंस ना?"

स्वयंपाकघरात रताळी सोलणाऱ्या नेरेइदाच्या हातातली सुरी गळून पडली. कसला हा त्याग! आपल्या मौनाच्या चिखलात हा डुकरासारखा सुखाने लोळतो आहे, आणि आता हे कोवळं पोर त्याच उतारावरून जाणार... तिला भावाची किळस आली, त्याहून शतपट स्वतःची आली!

ती अंगणात आली आणि त्याच्या हातातली ती पट्टी हिसकावून घेतली.

"सांग त्याला. माझा ब्रेक त्या गाडीवर होता का, सांग!"

"ताई, काहीतरीच काय—"

"सायलेन्सरसाठी विकलास तू! एका नळकांड्यासाठी बायकोचा पाय विकलास! आणि मी... मी शपथेच्या नावाखाली तुझी घाण झाकत बसले!"

ओस्निएलचा चेहरा पांढराफटक पडला. उंबऱ्यात काठीचा आवाज झाला. इदानिया उभी होती. नेरेइदाने डोळे मिटले... आता संसार मोडला!

"मला माहीत होतं," इदानिया म्हणाली.

ती काठी टेकत दोन पावलं पुढे आली.

"उतार लागायच्या आधीच हा चप्पल टायरवर दाबून वेग कमी करत होता. जळक्या रबराचा वास अजून माझ्या नाकात आहे. ब्रेक असता तर चप्पल कशाला लागली असती?" ती नेरेइदाकडे वळली. "पण ह्याचा तिरस्कार करून ह्याच्याच शेजारी निजायचं कसं, ताई? माहेरी तरी भार होऊन कसं जायचं, हा असा पाय घेऊन? तुमचा तिरस्कार करणं सोपं होतं... तुम्ही उलटून बोलत नव्हतात!"

काठी टाकून ती पुढे कोलमडली आणि नेरेइदाने तिला छातीशी धरलं. दोघी हुंदके देऊन रडल्या. "शी! किती नीच मी!" इदानिया म्हणत राहिली आणि नेरेइदा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"ताई, मला माफ—" ओस्निएल रडत जवळ सरकला.

"दूर हो. आत्ता नाही," नेरेइदा म्हणाली. लहानपणापासून त्याचं प्रत्येक आसू तिने आपल्या हाताने टिपलं होतं. आज तिने हात पुढे केला नाही. "आधी गल्लीत जा. ज्याला ज्याला खोटं सांगितलंस, त्याच्या त्याच्या दाराशी उभा राहून खरं सांग. मग बघू, तुझं तोंड बघवतं का."

तो मान खाली घालून गेला. पलीकडच्या दारावर त्याची थाप पडल्याचं तिघांनी ऐकलं.

एलिओ भांबावून उभा होता. "मग ताई... माझ्या सायकलीचं काय?"

इदानियाने बाहीने तोंड पुसलं, भिंतीला टेकून ताठ पाय लांब केला आणि दुसऱ्या मांडीवर थोपटलं. "आऱ्यांचा डबा इथे द्या, ताई. मी एकेक हातात देते."

"सायकल उलटी कर रे," नेरेइदा एलिओला म्हणाली. "आधी चाकं. इंजिनाचं नंतर बघू."